सीओ साहेबांसमोर केलेली सही इथे का चालत नाही?

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर,
तसेच जिल्ह्यातील महसूल कार्यालये, बँका आणि सहकारी संस्थांमधील सर्व अधिकारी-कर्मचारी यांस,

सविनय नमस्कार.

पती वारल्यानंतर शेतजमिनीला वारसांची नावे लागावीत म्हणून मी अर्ज केला होता. तो नुकताच निकाली काढण्यात आला. कारण दिले आहे ते असे, की वारसांपैकी मुलगा समक्ष हजर राहिला नाही. तो का येऊ शकला नाही हे सांगणारे त्याच्या कमांडिंग ऑफिसरचे, म्हणजे युनिटच्या सीओ साहेबांचे, पत्र त्याच फाईलला लावलेले आहे. ते वाचून हा निर्णय झाला की न वाचता, हे मला कळलेले नाही. काहीही असले तरी मुकाट्याने हे मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून चारचौघांत हे पत्र लिहीत आहे.

मी कोणत्याही कार्यालयाचे, बँकेचे किंवा माणसाचे नाव घेणार नाही. एकाला नाव ठेवून सुटेल असा हा प्रश्न नाही. मुलगा मिलिट्रीत असलेल्या घरी जाऊन विचारा, यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेही ऐकायला मिळतील. कुणा कारकुनाची बदली व्हावी किंवा कुणाला नोटीस जावी, असेही माझ्या मनात नाही. माझी कामे व्हायला हवीत, आणि माझ्यासारख्या इतरांचीही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. शेती पती बघायचे. मुलगा मराठा लाईट इन्फंट्रीत आहे, मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला असते. घरात मी, सून आणि नात. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पती गेले. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला होता, तरी मुलाला सुट्टी मिळाली आणि रक्षाविसर्जनाला तो घरी होता. उत्तरकार्याच्या आधीच युनिटमधून फोन आला. सुट्टी रद्द झाली होती. त्याने बॅग भरली, बापाच्या फोटोला नमस्कार केला आणि कोल्हापूर स्टेशन गाठले. उत्तरकार्य पुतण्याने केले.

७ मेच्या सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याचे जाहीर झाले. गावात लोक म्हणाले, संपलं एकदाचं. पण कारवाई स्थगित आहे, संपलेली नाही, असे खुद्द पंतप्रधानांनीच सांगितले. पुढे नेलेली माणसे दुसऱ्या दिवशी मागे येत नसतात, हे ज्यांच्या घरातले कुणी तिकडे आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. माझा मुलगा नेमका कुठे आहे ते मी लिहिणार नाही. त्याचा पत्ता ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, एवढाच आहे.

तेव्हापासून घरातली जी कामे त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून केली असती, ती मी करते आहे. काम करायला मी भीत नाही. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला आहे, कागद वाचता येतो, अर्ज लिहिता येतो. अडचण एकाच ठिकाणी येते. प्रत्येक खिडकीवर शेवटी मुलालाच घेऊन या असे सांगितले जाते, आणि तेवढे मात्र माझ्या हातात नाही.

आता एकेक गोष्ट सांगते.

पहिली वारस नोंदीची. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मुलीची सही, माझी सही, सगळे दिले. मुलाने आपले प्रतिज्ञापत्र तिकडे सीओ साहेबांसमोर सही करून पाठवले. सोबत सर्व्हिंग सर्टिफिकेट, म्हणजे तो सेवेत असल्याचा दाखला, आणि सीओ साहेबांनी स्वतः लिहिलेले डीओ (अर्धशासकीय) पत्र. जवान मोहिमेवर तैनात आहे, त्याला सध्या रजा देता येत नाही, त्याच्या कुटुंबाला सहकार्य करावे, असा मजकूर. खाली सही, युनिटचा गोल शिक्का. त्या पत्राच्या कोपऱ्यात कार्यालयाचा जांभळा आवक शिक्का आहे, त्यात तारीख आहे, आणि शेजारी पेनाने लिहिले आहे, ‘सोबत ठेवा’. ते सोबत ठेवले गेले. त्यापलीकडे त्या पत्राचे काही झाले नाही.

खिडकीवरचा मुलगा वाईट नव्हता. मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, “मावशी, कागद सगळं बरोबर हाईत, पण पोरगं आल्याबिगर काय हुणार न्हाई बघा. उद्या कोण तक्रार केली तर साहेब मलाच विचारणार.” त्याची भीती मला समजते. सैनिकाची सही कधी मान्य करायची, हे त्याला कुणी लेखी दिलेलेच नाही. मग तो जोखीम का घेईल? म्हणून माझे म्हणणे त्याच्याशी नाही, त्याच्या वरच्यांशी आहे.

मध्ये आणखी एक हरकत निघाली. मुलाने पाठवलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्राच्या स्टँपवर नाही, तिकडच्या साध्या कागदावर आहे, म्हणून चालणार नाही. मी ५०० रुपयांचा स्टँप घेऊन तो पोस्टाने तिकडे पाठवायच्या तयारीत होते. गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी वकिलांना विचारायला सांगितले. वकिलांनी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातले कलम १८ दाखवले. राज्याबाहेर केलेला दस्त राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करता येतो. म्हणजे हरकत घेणाऱ्याने तेवढे सांगितले असते तर काम तिथेच झाले असते. नाही म्हणायला नियम तोंडपाठ असतात, पण त्याच नियमातला मार्ग शोधायला आम्ही वकिलाची फी भरायची, हे बरोबर नाही.

वारस नोंद अडली की बाकीचे सगळे अडते, हे महसूल खात्याला मी सांगायला नको. आमची निम्मी जमीन नदीकाठची. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आमच्या उसावरून गेला. पुन्हा पाणी आले आणि पंचनामा झाला, तर भरपाई उताऱ्यावरच्या नावाने येणार. उताऱ्यावर मयताचे नाव. येत्या हंगामाची ऊस नोंद कुणाच्या नावाने करायची, हा प्रश्न आहेच.

दुसरी गोष्ट बँकेची. उसाचे बिल पतीच्या खात्यावर जमा झाले होते. खात्याला वारसदार (नॉमिनी) म्हणून मुलाचे नाव लावलेले आहे. पतीने ते विचार करूनच लावले असणार, पुढे कुणाला त्रास होऊ नये म्हणून. मुलाने दावा अर्ज भरून, साक्षीदार म्हणून युनिटच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घेऊन, सीओ साहेबांच्या शिक्क्यासह पाठवला. शाखेत सांगितले, वारसदाराने मूळ आधार कार्ड घेऊन समक्ष यावे. तोपर्यंत पैसे खात्यात पडून. त्याच पैशातून लागणीचे बेणे, खत आणि मजुरी द्यायची होती. मी माझ्या पेन्शनमधून भागवले. पेन्शन नसलेल्या आईने काय करायचे?

त्याच्या स्वतःच्या खात्याची केवायसीची मुदतही याच काळात आली. माहितीत काही बदल नसेल तर ग्राहकाच्या स्वतःच्या घोषणेवर केवायसी नव्याने करून घेता येते, अशी रिझर्व्ह बँकेचीच तरतूद आहे. जून २०२५ मध्ये ही प्रक्रिया आणखी सोपी केली गेली. शाखेतल्या माणसाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, आमच्या सिस्टीमला तसा ऑप्शन येत नाही.” जवानाचा पगार ज्या खात्यावर येतो आणि ज्यातून त्याची बायको घर चालवते, ते खाते बंद पडायच्या बेतात असताना एवढे उत्तर पुरेसे आहे का?

तिसरी गोष्ट ओटीपीची. ही वाचणाऱ्यांना किरकोळ वाटेल, पण सगळ्यात जास्त जीव हिने खाल्ला आहे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये आणि लडाखमध्ये चालत नाही. सुरक्षेसाठी तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे आमच्याकडची किती तरी पोरे तिकडे गेली की तिकडचे कार्ड घेतात, आणि आधारला जोडलेला कोल्हापूरचा नंबर बंद राहतो. इकडे मात्र प्रत्येक ऑनलाइन अर्जाला त्याच नंबरवर ओटीपी जातो. मुलाने पगारातून साठवून वीस गुंठे घेतले आहेत, ते त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना राज्यात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याची नोंदणी आधारच्या ओटीपीवर. सेवा केंद्रातल्या पोराने बटण दाबायचे, ओटीपी बंद नंबरवर जायचा, वेळ संपायची, पुन्हा बटण दाबायचे. अर्जात पत्त्याच्या रकान्यात ५६ एपीओ लिहिले की पिनकोड चुकीचा म्हणून लाल अक्षरे येतात. हे अर्ज तयार करताना सैनिकाचा विचार कुणी केला होता का, असे मला विचारावेसे वाटते.

चौथी गोष्ट मात्र किरकोळ नाही.

त्याच वीस गुंठ्यांतून वहिवाटीचा रस्ता मोकळा करून मिळावा म्हणून शेजाऱ्याने मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दावा लावला. रस्त्याची त्यांना खरेच गरज असेल, मी त्यावर बोलत नाही. नोटीस मुलाच्या नावाने आली आणि तो घरी नाही म्हणून दाराला चिकटवून गेले. सून शेतातून आली तेव्हा दारावर कागद, आणि गल्लीतली माणसे तो वाचत उभी. तारखेला मी गेले. मी पक्षकार नाही म्हणून माझे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही. मुलगा सीमेवर आहे हे सांगितले, सर्टिफिकेट दाखवले. पुढची तारीख पडली, मग आणखी एक, आणि नंतर एकतर्फी आदेश झाला.

सुभेदारमामांनी मला त्यानंतर एका कायद्याविषयी सांगितले. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५. आपला हा कायदा शंभर वर्षांचा झाला. युद्धपरिस्थितीत किंवा सरकारने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे प्रकरण थांबवावे, त्याच्या माघारी आदेश झाला असेल तर तो रद्द करता यावा, मुदत मोजताना त्याचा सेवेचा काळ वगळावा, यासाठी तो केलेला आहे. दिवाणी आणि महसुली, दोन्ही न्यायालये त्यात येतात. आणि या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना एक खास अधिकार आहे. आपल्या जिल्ह्यातला सैनिक एखाद्या प्रकरणात हजर राहू शकत नाही असे त्यांना वाटले, तर ते तसे प्रमाणपत्र स्वतःहून न्यायालयाला पाठवू शकतात. त्यासाठी सैनिकाने येण्याची गरज नाही.

जिल्हाधिकारी महोदय, मी शिकलेली बाई आहे आणि माझा मुलगा भरती होऊन बरीच वर्षे झाली आहेत, तरी मला हा कायदा माहीत नव्हता. दाव्याची सुनावणी ज्यांनी घेतली त्यांना तो माहीत होता की नाही, मी सांगू शकत नाही. एवढे खरे, की सुनावणीत त्याचा उल्लेख कुणी केला नाही. जमीन जायची वेळ आल्यावर गावातल्या म्हाताऱ्या सुभेदाराकडून कळावा, इतका हा कायदा दूर का राहिला?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सेवा सोसायटीचे पीक कर्ज ३० जूनच्या आत फिरवले, म्हणजे जुने भरून नवे घेतले, तर व्याजाची सवलत मिळते. कर्जदार मयत, वारसाची सही नाही, म्हणून ते वेळेत फिरले नाही आणि सवलत गेली. नातीच्या शाळेच्या अर्जावर वडिलांचीच सही लागेल असे सुनेला सांगितले. आई समोर उभी असताना ही सही कशाला हवी, हे मी शाळेत विचारले, तेव्हा ते काम मात्र लगेच झाले. आणि मुलाला मध्ये थोड्या दिवसांची सुट्टी मिळाली तेव्हा नेमका सर्व्हर बंद होता, सर्कल साहेब (मंडळ अधिकारी) पुराच्या ड्युटीवर होते, आणि सुनावणीची तारीख तो परत गेल्यानंतरची मिळाली. पुराची ड्युटी महत्त्वाची होती, हे मला मान्य आहे. पण त्याच्या सुट्टीतला कामाचा एकही दिवस त्याच्या कामाला आला नाही.

यावर कुणी म्हणेल, की नियम सैनिकाच्याच भल्यासाठी आहेत. हे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. पोरगा बॉर्डरवर असताना भावांनी परस्पर वाटण्या करून घेतल्या, बापानेच खोटी सही करून जमीन विकली, अशा गोष्टी आमच्याही भागात ऐकू येतात. सैनिक गावात नसतो, म्हणून त्याला फसवणे सोपे असते. अधिकाऱ्यांनी डोळे मिटून कागद स्वीकारावेत असे मी कधीच म्हणणार नाही. मी जमीन विकायला निघालेले नाही. मुलाचे नाव कमी करायला नाही, लावायला आले आहे. आणि खात्री करायचीच असेल तर ती करता येते. सीओ साहेबांच्या पत्रावर युनिटचा क्रमांक असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विचारणा करता येते. व्हिडिओ कॉलवर मुलाचा चेहरा बघून, त्याच्या तोंडून ऐकून घेता येते. कसलीच खात्री करायची नाही आणि कामही करायचे नाही, याने सैनिकाचे कोणते रक्षण होते?

कायद्याने तर हे केव्हाच मान्य केले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत सैनिकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आदेश २८. रजा न मिळालेला सैनिक आपल्या वतीने दावा चालवायला घरच्या माणसाला अधिकार देऊ शकतो. तो कागद कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायचा, त्यांनी प्रतिस्वाक्षरी करायची, आणि ती प्रतिस्वाक्षरी हाच पुरेसा पुरावा, असे त्यात म्हटले आहे. सेना अधिनियम, १९५० चे कलम ३२ सांगते, की सैनिकाने दाव्यासाठी रजा घेतल्याचे प्रमाणपत्र दिले, तर शक्यतो त्या रजेच्या काळातच प्रकरण निकाली निघेल अशी व्यवस्था न्यायालयाने करावी. आणखी एक सांगते. २००३ पासून सैनिकाला मतदानासाठी प्रतिनिधी नेमता येतो. माझ्या मुलाने रीतसर नेमले, तर त्याच्या वतीने मी लोकसभेला मत देऊ शकते. त्याच्या वतीने देशाचे सरकार निवडायला मी चालते, पण त्याच्या वडिलांच्या सात-बाऱ्यावर त्याचे नाव लावायचा कागद माझ्या हातून चालत नाही. याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला हे सांगावे लागते याचे मला जास्त वाईट वाटते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे. बेळगावचे मराठा सेंटर इथून काही तासांवर. पहाटे कुठल्याही गावच्या रस्त्याला उभे राहा, भरतीसाठी पळणारी पोरे दिसतात. गावे पोरे पाठवतात, त्यांच्या जत्रेला, सुट्टीला वाट बघतात, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे कागद घेऊन बसस्टँडवर उभी असतात. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आम्हाला बोलावून शाल-नारळ देतात. त्या मानाचा मी अनादर करत नाही, मनापासून घेते. पण मानाच्या आधी काम व्हावे.

मुलाचा फोन येतो तो कधी रात्री, कधी दुपारी, मिळेल तसा. आवाज तुटतो. पहिल्यांदा जेवलास का, थंडी आहे का, एवढे विचारायचे. नंतर नातीशी दोन शब्द. आणि उरलेला वेळ मी त्याला विचारते, सहीच्या खाली तारीख घातलीस का, आधारची झेरॉक्स साक्षांकित केलीस का, बँकेने आणखी एक कागद मागितला आहे तो कधी पाठवशील. परवा तो म्हणाला, “आई, तू लोड घेऊ नको, मी रजा टाकतो.” मी त्याला ठणकावून सांगितले, या कामासाठी रजा टाकायची नाही. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात गट नंबर आणि दाव्याची तारीख नसावी. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि ज्याच्या शेजारी दुसऱ्या आईचा मुलगा उभा आहे, त्याचे मन घरच्या कागदांत अडकू नये, ही माझी एकटीची चिंता नव्हे. ती प्रशासनाचीही असली पाहिजे.

काही चांगलेही घडते आहे, तेही सांगायला हवे. २०२२ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रशासनाने ‘अमृत जवान’ नावाचे अभियान घेतले आणि आजी-माजी सैनिकांच्या कुटुंबांची अडलेली कामे ठरवून हाती घेतली. २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेविषयक मदत मिळावी, सैनिकाला आपल्या प्रकरणांसाठी एकटे पडू देऊ नये, असा तिचा हेतू आहे. म्हणजे हे करता येते, आणि करावे असे वरच्यांनाही वाटते. ते आमच्या तालुक्याच्या खिडकीपर्यंत पोहोचायला हवे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

जिल्हाधिकारी महोदय, सेवेतल्या सैनिकाने कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेले प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र किंवा अर्ज, युनिटचा शिक्का आणि सर्व्हिंग सर्टिफिकेट सोबत असेल तर वारस नोंदीसाठी समक्ष हजेरीऐवजी स्वीकारावा, असे परिपत्रक काढा. शंका असेल तिथे खात्री कशी आणि किती दिवसांत करायची तेही त्यातच लिहा, म्हणजे खिडकीवरच्या मुलाला भीती राहणार नाही. विक्री, बक्षीसपत्र, हक्कसोड यांना हे लागू करू नका. तिथे कडक तपासणी राहू द्या.

१९२५ च्या कायद्याखालचे प्रमाणपत्र कुठे मागायचे, कुणाकडे अर्ज द्यायचा, हे जाहीर करा. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष आपणच आहात, म्हणून सैनिक कार्यालय आणि आपले कार्यालय यांत एकच टेबल ठरवले तरी पुरे. महसुली सुनावणीत पक्षकार सैनिक असल्याचे कळले की सुनावणी घेणाऱ्याने एकतर्फी पुढे जाण्याआधी आपल्या कार्यालयाला कळवावे, अशी सूचना द्या. माझ्या मुलाच्या प्रकरणातला एकतर्फी आदेश याच कायद्याखाली पुन्हा तपासला जावा.

सैनिक सुट्टीवर आला की त्याची नोंदणी, सुनावणी, स्थळपाहणी त्या सुट्टीतच लावा. सुट्टीचा कागद दाखवला की पुढचा नंबर मिळावा. रांगेतल्या इतर लोकांवर अन्याय होईल, असे मला वाटत नाही. माझ्या ओळखीचा एकही माणूस याला नको म्हणणार नाही.

प्रत्येक तहसील कार्यालयात सैनिक कुटुंबांसाठी ठरलेला एक वार आणि एक जबाबदार कर्मचारी असू द्या. विधी सेवा प्राधिकरणाच्या नव्या योजनेतील वकील त्या वारी तिथे बसावेत. म्हाताऱ्या माणसांना आजऱ्याहून, चंदगडहून कोल्हापूरला यायला लावू नका.

बँकांच्या अधिकाऱ्यांनो, आपली जिल्हास्तरीय सल्लागार समिती आहे आणि तिची बैठक जिल्हाधिकारीच घेतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. केवायसीसाठी लेखी घोषणा स्वीकारा, मयत खात्याच्या दाव्यात कमांडिंग ऑफिसरचे साक्षांकन माना, आणि सैनिकाचे पगार खाते केवायसीसाठी अडवण्याआधी घरी पत्र पाठवा. सोसायट्यांनी कर्जदार मयत आणि वारस सीमेवर असेल तिथे कर्ज फिरवायला मुदत द्यावी. व्याजाची सवलत त्यामुळे जाऊ नये, यासाठी सहकार खात्याने शासनाकडे मागणी करावी.

ओटीपीचा प्रश्न जिल्ह्यात सुटणार नाही, हे मला समजते. तरी शेतकरी ओळख क्रमांकासाठी सैनिकांना दुसरा मार्ग द्या, असे आपण शासनाला लिहावे. तोवर त्याअभावी कुणा सैनिकाच्या शेताचा लाभ थांबवू नये.

आणि सगळ्यांना मिळून एक विनंती. काम होणार नसेल तर तसे लेखी द्या, कोणत्या नियमाने नाही तेही लिहा. तोंडी नाही म्हटले की पुढे कुठे दाद मागायची, ते आम्हाला कळत नाही.

माझा वारस नोंदीचा अर्ज मी पुन्हा दाखल करते आहे. कागद तेच आहेत, सीओ साहेबांचे पत्रही तेच आहे. या वेळी ते वाचले जावे आणि त्यावर काय ठरले ते मला लेखी कळावे.

आपली,
सेवेतल्या एका सैनिकाची आई
(जि. कोल्हापूर)